शैलाताईंची प्रतिकारशक्ती

१९ ऑगस्ट, मंगळवार. अमरावती

ऋताला घेऊन डॉ. बाईंकडे. पोर सकाळच्या गाडीने अकोल्याहून आली. बडनेऱ्याला डब्यातून उतरली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. पोटच्या पोरीला. चेहरा फुगून गोल, गाल लाल, मानेमागे मांसाची लहानशी उशी. "आई, अशी पाहू नको. आरसा आहे माझ्याकडे."

डॉ. बाई हार्मोनच्या. दोन वर्षांपूर्वी ऋ.चं पीसीओएस यांनीच पकडलं. पाळी मनात येईल तेव्हा, हनुवटीवर राठ केस, मानेवर काळा पट्टा. नाव ठेवताना ऋत म्हणजे विश्वाचा नियम वगैरे मीच हौसेने ठरवलं होतं. नियमाने एवढ्या एका खात्यातून अंग काढून घेतलं.

आज बाई रिपोर्ट उलटसुलट करत बसल्या. "वजन वाढलं, साखर वाढली, चार महिने पाळी नाही. हे एका रांगेत बसतं. पण मग सीआरपी एवढं खाली कसं?" सीआरपी म्हणजे अंगात दाह किती ते सांगणारी रक्ततपासणी. ऋ.चं पहिल्यापासून जरा वर. जाळ नाही, पण राखेखाली निखारा. वजन वाढल्यावर निखारा फुलायला हवा. हिचा विझलाय.

"माझ्या गोळ्यांशिवाय काही घेतेस?"

"नाही." मग पर्सची चेन उघडझाप करत: "आत्याची पूड. पण ते औषध नाही मॅडम, प्रतिकारशक्तीचं आहे."

बाई गप्प. उद्या उपाशीपोटी सकाळीच पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. बाईंचं गप्प बसणं मला आवडलं नाही. आमच्या वार्ताहरांच्या धंद्यात अधिकारी गप्प बसला की बातमी असते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बातमी आहे.

ऋ.चं सकाळचं कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. ते शरीर स्वतः बनवतं. बाहेरून कोणी रोज आयतं आणून देत असेल तर बनवणं सोडून देतं. "पुडीत स्टेरॉइड असणार," बाई म्हणाल्या. "तपासल्याशिवाय लिहून देणार नाही, पण मला दुसरं काही दिसत नाही."

मी वहीत लिहून घेत होते. सवय. मधेच पेन थांबलं.

कारण दोन वर्षांपूर्वीचं बाईंचं बोलणं आठवलं. या आजारात शरीराचे रक्षक सैल नसतात, उलट कायम जागे असतात. चरबीत, बीजकोशात बारीक दाह. इन्सुलिन नीट लागू होत नाही, पुरुषी हार्मोन वाढतं, त्याने पुन्हा दाह. आधी काय नि मागून काय, ते अजून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. शिवाय ऋ.च्या बाबतीत थायरॉइडवर त्याच रक्षकांनी सरळ हात उचललेला. पीसीओएसच्या बायकांत हे जास्त दिसतं म्हणे. मी तेव्हा मनाशी अमरावतीचंच चित्र केलं: दंगल कधीच मिटली, पण बंदोबस्त उठलेला नाही. रिकामे बसलेले जवान आता दुकानदारांनाच दटावतात.

घरी मात्र एवढंच पोचलं: 'पोरीले प्रतिकारशक्तीचा प्रॉब्लेम आहे.' आणि आमच्याकडे शक्तीचा प्रॉब्लेम म्हणजे शक्ती कमी. याला दुसरा अर्थच नाही. शैलाताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं (अकोल्याला ऋ. नोकरीसाठी तिच्याकडेच राहते), शक्ती वाढवायला घेतली. रोज सकाळी एक चमचा, कोमट दुधातून, स्वतःच्या हाताने.

आणि कमाल अशी की त्या पुडीने शक्ती वाढलीच नाही. दाबली गेली. म्हणून सांधे दुखायचे थांबले, उत्साह आला, पोर म्हणाली "आत्याचं औषध लागू पडलं." दाह दाबायचा, वर साखर नि वजन चढवायचं. म्हणजे ज्या विहिरीतून पोरीला काढायचं तिचीच दोरी कापायची.

एकदम बंदही करता येत नाही. शरीर कोसळेल. बाईंनी स्टेरॉइडच्याच मोजक्या गोळ्या दिल्या आहेत, हळूहळू उतरवायच्या. ताप-उलटी झाली तर डोस वाढवून लगेच फोन.

शैलाताईंना मी सोडणार नाही. हे शाईने लिहिते आहे.

२३ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिला माहीत नसेल." भाऊ आहेत, भावासारखं बोलले. मी म्हटलं, माहीत नसताना बाई घराच्या ओट्यावर दुकान मांडते, चोवीस मैत्रिणींना डबे खपवते आणि 'आरोग्यसखी' म्हणून फोटोत हार घालून घेते. हे चष्मा पुसत बसले. फार स्वच्छ झाला.

मग शैलाताईंना फोन. सुरुवात मी गोड केली.

"व वहिनी, पोरगी सुजली ते डॉक्टरच्या गोळ्याईनं. पूड तं जंगलातली हाय, जडीबुटी."

"त्यात स्टेरॉइड आहे ताई."

"असं कोन म्हनते? डॉक्टर लोकाईले जळते आपलं. शक्तीचाच प्रॉब्लेम होता ना व तिले? मंग शक्तीच देल्ली ना मीनं?"

या वाक्यात तर्कशास्त्राच्या दृष्टीने काहीही चूक नाही. म्हणूनच रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुपारभर सूड कसा घ्यावा याचा विचार. त्यांच्या गल्लीत पत्रकं वाटणे. त्यांच्या नावाने महिला मंडळाला पत्र. शाप द्यावा तर आमच्याकडे शापाची फार जुनी परंपरा आहे, पण उःशाप मागणाऱ्याला द्यावाच लागतो, तिथे माझं जमणार नाही.

१ सप्टेंबर, सोमवार. अकोला

महालक्ष्म्यांचं जेवण शैलाताईंकडे. या जेवणाला वऱ्हाडात नाही म्हणता येत नाही. शत्रूकडचं असलं तरी. गेले. ऋ.ला घरीच ठेवलं.

मखर छान. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी. शैलाताई स्वतः वाढत होत्या, घाम पुसत, "वहिनी, लाजू नका." मी दुसऱ्यांदा पुरण नाकारलं. आयुष्यात पहिल्यांदा. एवढ्याने त्यांचं काही बिघडलं नाही, माझंच बिघडलं.

पंगतीत पुडीचंच कौतुक. कॉलनीतल्या राऊतकाकूंच्या मुलीची पाळी "आता टायमावर". दुसरीची दमा-धाप गेली. शैलाताईंची सून पल्लवी कढी वाढायला आली. गेल्या वर्षी लग्न झालेली, अबोल पोर. शैलाताई तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "माह्या सुनेले देतो ना रोज. पाहा कशी भरली." भरली होती खरी. ऋ.चाच गोल चेहरा. 

निघताना एक डबा विकत घेतला. डब्यावर ऐसपैस संस्कृत नाव, आत दोन चुका. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. "मला पण शक्ती हवी," म्हटलं. शैलाताई खूश.

३ सप्टेंबर

डब्यातली अर्धी पूड अन्न-औषधवाल्यांकडे रीतसर तक्रारीसह दिली. तपासणी होईल तेव्हा होईल. साहेब सभ्य होते. "कुठून आणलं?" मी: "नातेवाईक." "मग तक्रार?" मी: "म्हणूनच."

८ सप्टेंबर

बातमी लिहून काढली. एका बैठकीत. वीस वर्षांत नगरपरिषदेच्या पाण्यापासून कापसाच्या भावापर्यंत काय काय लिहिलं, पण इतक्या चवीने नाही. पहिल्या ओळीत शैलाताईंचं नाव, दुसऱ्या ओळीत कॉलनीचं. आमच्या व्यवसायात कर्मणि प्रयोग फार सोयीचा: 'पूड दिली गेली.' देणारा अदृश्य. मी मुद्दाम कर्तरीत लिहिली.

संपादक म्हणाले, छापू, पण रुग्ण बोलला पाहिजे. नावानिशी.

ऋ.ला वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"यात माझी पाळी तीनदा आली आहे."

"मुद्द्याचा भाग आहे तो."

"आई, माझ्या हनुवटीचे केस तू जिल्हा आवृत्तीत छापणार. लॅबमधले सगळे तुझा पेपर घेतात." ती अकोल्याला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे पेपर सामोशाखाली घेतात, पण वाचूनच घेतात.

"मग तिला तशीच सोडायची?"

"मी असं म्हटलं का? पण आजारी मी आहे. सूडसुद्धा माझाच आहे. तू मधे मधे येऊ नको."

मी आले नाही. बातमी फोल्डरात. दर दोन दिवसांनी उघडते, एखादं विशेषण घालते, मिटते.

१७ सप्टेंबर

ऋ. रजेवर, इथेच. डोस उतरतो आहे. वाईट दिवस. सांधे पुन्हा दुखतात, सकाळी उठवत नाही, चेहऱ्यावर फोड. बाई म्हणतात, झाकलेला दाह वर येतो आहे, शरीर आपलं कॉर्टिसॉल पुन्हा बनवायला शिकेपर्यंत असंच. खऱ्या उपचारात चमत्कार कुठेच नाही: इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन, थायरॉइडची गोळी, पाळीसाठी नंतर दुसरी, ड जीवनसत्त्व कमी आहे ते भरून काढणं, आणि रोज चालणं, थोडं वजन उचलणं. मी विचारलं, रक्षकांनाच सरळ गप्प करणारं काही? बाई म्हणाल्या, शोध चालू आहेत, या आजारासाठी रोजच्या वापरात अजून काही नाही. "चालण्याने आणि मेटफॉर्मिनने दाह थोडा उतरतो. हळू. जाहिरात करण्यासारखं काही नाही त्यात."

संध्याकाळी मालटेकडीच्या रस्त्याने तिघं. ऋ. अर्ध्यात बसली. हे शेजारी बसले नि म्हणाले, "बेटा, शैला लहानपणी मला खोकला झाला तरी काढा करायची." ऋ. म्हणाली, "बाबा, आज नको."

ह्यांनी पुन्हा चष्मा काढला.

२८ सप्टेंबर

अंबादेवीच्या रांगेची बातमी दिली. गर्दी, चपला, वाहतूक. देवीकडे पोरीसाठी मागितलं. नणंदेसाठीही मागितलं, ते लिहीत नाही.

आज शैलाताईंचा व्हॉट्सॲपवर संदेश, कुटुंबाच्या ग्रुपवर: नवरात्रात प्रतिकारशक्ती वाढवा, डब्यावर सूट. ह्यांनी चुकून त्यावर अंगठा दिला. चुकून असं हे म्हणतात.

६ ऑक्टोबर, सोमवार. अकोला. कोजागिरी

ऋ. सकाळीच म्हणाली, "आत्याकडे भुलाबाईला जाऊ." मी पाहातच राहिले. चेहऱ्याची सूज जरा उतरलीय, डोळे पुन्हा दिसू लागलेत. "सांगशील काय ते?" "चल फक्त."

शैलाताईंच्या गच्चीवर कॉलनीतल्या पंधरा-वीस बायका. भुलाबाई-भुलोजींची मातीची जोडी, समोर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. टिपऱ्या, गाणी. शैलाताईंनी ऋ.ला मिठी मारली. "आली व माही पोरगी! पाहा, बारीक झाली. पूड सोडू नको मात्र."

गाणी झाल्यावर खाऊ ओळखणं. प्रत्येकीने झाकलेला डबा आणायचा, हलवून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. शेव झाली, करंजी झाली, कोणाचे पातोडे. मग ऋ. उठली. पितळी डबा, माझाच, सकाळपासून कुठे गेला म्हणून मी शोधत होते तो.

"गोड का तिखट?"

"कडू."

हशा. "कारल्याचे काप!" "मेथीचे लाडू!" "व माय, कडूनिंबाचा पाला असन, आई पेपरवाली हाय तिची."

"दुधातून घेतात," ऋ. म्हणाली.

कोणालाच येईना. तिने झाकण काढलं. पूड. राऊतकाकू हसल्या, "हे तं आपलीच शक्ती!" सगळ्या हसल्या. ऋ.ने चमचा भरला नि शैलाताईंपुढे धरला.

"आत्या, आधी तुमी. घर तुमचं आहे."

"मले काहून व? पोरीईले दे."

"एकच चमचा. रोज तुमी मला देत होत्या ना?"

"नाही व बापा, मले नाही जमत. मी घेतली का माही शुगर कुठच्या कुठं जाते. एकडाव पाह्यलं हाय मीनं."

बोलून गेल्या. दहा वर्षं साखरेच्या इंजेक्शनवर असलेली बाई, सवयीने खरं बोलून गेली.

 राऊतकाकू हसायच्या थांबल्या. "म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"काय मालूम? मले शुगर हाय म्हनून..."

"जडीबुटीनं शुगर कायले वाढन व शैलाबाई? माह्या पोरीले तुमीच देल्ली ना? मखरापुढं बसून देल्ली."

ऋ.ने चमचा पुन्हा डब्यात रिकामा केला. मग सगळं सांगितलं. स्वतःचं. पाळी, केस, कॉर्टिसॉल, सगळं, वीस बायकांपुढे, माझ्या जिल्हा आवृत्तीला जे द्यायला तयार नव्हती ते. शेवटी दोनदा म्हणाली, "कोणी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा." पण तोवर गच्चीवर इतका गलका की मलाच ते अर्धं ऐकू आलं. शैलाताई भुलाबाईपाशी उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. आटवलेलं दूध तसंच राहिलं.

मी पाहून घेतलं. प्रत्येक क्षण. इतकं समाधान मला एम.ए.च्या निकालानेही दिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ऋ.ला विचारलं, बरं वाटलं? "हो," म्हणाली. "खूप." मूर्तिजापूरला शेंगदाणे घेतले. दोघींनी खाल्ले.

७ ऑक्टोबर

पुरेसं नाही. सकाळी उठले तर राग जागच्या जागी. पूड कुटणारा मोकळाच आहे. शैलाताईंना फार तर लाज वाटली असेल, लाजेने कोणाच्या मानेमागची उशी जात नाही. बातमी उघडली. भुलाबाईचा प्रसंग घातला. उत्तम झाली आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शैलाताईंचा फोन. उचलला नाही. वाजू दिला. पुन्हा आला. टेबलावर उलटा ठेवला नि थरथरताना पाहात बसले, त्यातही एक सुख होतं. तिसऱ्यांदा ऋ.ने हिसकावून घेतला.

पल्लवी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीच तिने पूड बंद केली, भीतीने, एकदम. काल उलट्या, आज बाथरूममध्ये कोसळली. बीपी लागत नव्हतं. अकोल्याच्या दवाखान्यात नुसती सलाइन लावून ठेवलेली. ऋ. ओरडलीच: "आत्या, डॉक्टरला फोन द्या, आत्ता. त्यांना सांगा पोरगी वर्षभर स्टेरॉइडवर होती!" मग तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलली, डॉ. बाईंना जोडून दिलं. त्यांनी स्टेरॉइडचंच इंजेक्शन दिलं. संध्याकाळी पल्लवी शुद्धीवर आली.

पहिल्या दोन फोनांच्या वेळी मी काय करत होते ते वर लिहिलं आहे. खोडणार नाही.

ऋ. माझ्याशी बोलत नाही. स्वतःशीही नसावी. एकदाच म्हणाली, "गच्चीवर मी आणखी मोठ्याने ओरडायला हवं होतं."

१३ ऑक्टोबर, सोमवार. डॉ. बाईंच्या दवाखान्यात, बाकावर

इथेच बसून लिहिते. पल्लवीला अकोल्याहून आणलं आहे, आत तपासणी चालली आहे. ऋ. तिच्याबरोबर आत गेली, गोळ्या कधी, किती, ताप आला तर काय, ते सांगायला. स्वतःच्या पाठ झालेल्या गोष्टी.

समोरच्या बाकावर शैलाताई. सुकल्या आहेत. बराच वेळ दोघी भिंतीवरचं पोषण आहाराचं चित्र पाहात होतो. मग त्या उठून माझ्या शेजारी आल्या.

"वहिनी, तुमी पेपरात टाकून राहिल्या म्हने."

"हो."

"मी सांगतो तुमाले. कोन बनवते, कुठं कुटते, गोळ्या कुठून आनते. सगळं. मी जाऊन पाह्यलं हाय त्याचं गोडाऊन. पन माहं नाव नोका टाकू. पल्लवीच्या माहेरी कोनतं तोंड दाखवू?"

म्हणजे आमच्या भाषेत 'विश्वसनीय सूत्र'. सूत्राचं नाव फुटू द्यायचं नाही, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवते. शैलाताईंना वाचवलं तर तो सापडतो. शैलाताईंना गाठलं तर तो गोडाऊनला कुलूप लावून दुसऱ्या गावी नवीन डबा काढतो. आणखी पोरी, आणखी कोमट दूध. हे सगळं मला स्वच्छ समजतं. आणि तरी बाकावर शेजारी बसलेल्या या बाईचं नाव पहिल्या ओळीतून काढायला माझा हात उठत नाही.

"तुम्हाला माहीत होतं ना ताई?" मी विचारलं. "साखर वाढली तेव्हाच?"

 "मले वाटलं, मलेच वाढते," म्हणाल्या. "पोरी तं चांगल्या दिसून राहिल्या होत्या."

खरं असेल. नसेलही. वीस वर्षं माणसांना प्रश्न विचारते, आणि हे मला ओळखता आलं नाही.

संपादकांचा फोन येऊन गेला. वीस बायकांपुढे बोलली म्हणजे रुग्ण बोललाच, असं त्यांचं म्हणणं. उद्याच्या अंकासाठी जागा राखली आहे, पहिली ओळ कायम ठेवायची का, विचारतात. म्हटलं, कळवते.

शैलाताई अजून शेजारीच आहेत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. कॅन्टीनचा माणूस किटली घेऊन समोर उभा आहे. "किती चहा, मॅडम?"

मी अजून सांगितलेलं नाही.